जमनाकाकी आणि जहाजवाले

सायन्स फिक्शन कुणी पाहावं याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. तरी लोक असे वागतात, जणू तो निघालाय आणि त्याची प्रत फक्त त्यांच्याकडे आलीय. शहरातल्या, इंग्रजी समजणाऱ्या मुलांनी परग्रह पाहावेत, बाकीच्यांनी सासू-सून पाहावी. मासे सुकवणारी बाई अंतराळातल्या मालिकेबद्दल मत देऊ लागली की आधी हसायचं आणि मग मोबाइल काढून तिचं शूटिंग करायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सुरुवातीलाच सांगते, "बघा, मासेवालीलासुद्धा कळतं" अशा कौतुकासाठी मी हे लिहीत नाही. तसं कौतुक ज्यांना करायचंय त्यांनी इथेच थांबावं.

जमनाकाकी डहाणूजवळच्या वाढवणची. मी ओळखायला लागले तेव्हा साठीच्या अलीकडे-पलीकडे असेल. तिला स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं. नवरा होडीवर जायचा. तो वारल्यावर होडी दिराकडे गेली आणि काकीकडे खडक राहिला. वाढवणच्या किनाऱ्याला समुद्रात लांबवर खडक पसरलाय. ओहोटीला तो उघडा पडतो, मग बाया त्यावर कालवं काढतात, खेकडे धरतात. खडक कुणाच्या नावावर नसतो, म्हणून तो तिच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता. तिथे भराव टाकून मोठं बंदर बांधणार अशी बातमी आली तेव्हा पहिल्यांदा त्याच्यावर कुणाची तरी नजर गेली.

मी गंजाडची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि असतं तिथेच राहतं. कॉलेजपासून संघटनेत होते, पत्रकं लिहायचे. २०१५ साली बंदराविरुद्ध वाढवणला सभा घ्यायचं ठरलं आणि पत्रक माझ्याकडे आलं. मी ते झकास लिहिलं. प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह, काही ओळींना दोन. वेळ टाकली रविवारी सकाळी आठची. सगळे घरी असतील, उन्हाच्या आत आटपेल. सभेला माणसं आली सात. त्यातले दोन माइकवाले, एक चहावाला आणि उरलेले आमचेच कार्यकर्ते. माझं डोकं फिरलं. ज्यांच्यासाठी आम्ही गळा काढायचा त्यांना दारातून इथपर्यंत यायला होत नाही? रस्त्याने जाणाऱ्या एका आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "बाया खडकावर." मी चपला हातात घेतल्या आणि चिखल तुडवत खडकावर निघाले.

वीस-पंचवीस बाया वाकून कालवं फोडत होत्या. मी तिथेच भाषण सुरू केलं. सगळ्यात जवळच्या बाईने मानही वर केली नाही.

"आधी चपला घाल. कालव लागलं तर पाय फाटंल."

मी चपला घातल्या.

"आज तिथ कोणती?" तिने विचारलं.

"तिथी? ती नाही माहीत मला. आज रविवार."

"रविवार तुमचा. आमची आज बीज, अवसेनंतरची. आठाला पाणी तळाला जातं. खडक एवढा उघडा पडतो तो ह्याच दोन-तीन दिसांत, आणि तू आम्हाला मंडपात बोलावते! खडक वाचवायची सभा, नि त्यासाठी खडकावरून उठून या!"

बाया खो खो हसल्या. ती बाई मात्र हसली नाही. कालवाचं शिंपलं फोडत म्हणाली, "त्या सिनेमावाल्यांची बहीण दिसते ही."

"कोणते सिनेमावाले?"

तर म्हणे, आदल्या आठवड्यात टीव्हीवर हिंदीत केलेला इंग्रजी सिनेमा लागला होता. माणसं दुसऱ्या ग्रहावर जातात. "आभाळात दोन चंद्र. एक परातीएवढा, दुसरा ताटलीएवढा. आणि खाली समुद्र कसा? बादलीतल्या पाण्यासारखा. चढत नाय, उतरत नाय. अगं, एका चंद्रापायी आम्ही दिवसातनं दोनदा पळतो. तिथं दोन! आणि हिरो काय करतो, तर पाण्याच्या काठाला तंबू ठोकून झोपतो. सकाळी तंबू तिथंच! ओला पण नाय!" मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा मंडप पण तसलाच. पाणी न बघता ठोकलेला."

त्या दिवशी मी भाषण केलं नाही, त्या बाईची, म्हणजे जमनाकाकीची, टोपली धरली. पुढची सभा काकीने सांगितलेल्या अष्टमीला ठेवली. त्या दिवसांत पाणी आळशी असतं, म्हणाली, खडक धड उघडत नाही, बाया घरी असतात. मांडव पुरला नाही इतकी माणसं आली. सभेनंतर मी म्हणाले, "तुमचे आभार मानायला हवेत." तर म्हणाली, "मला तुम्ही म्हणू नको. मी काय तहसीलदार हाय?"

मग मी जात राहिले. कधी पत्रकं घेऊन, कधी नुसतीच.

काकीचा टीव्ही दारात तोंड करून ठेवलेला असे, म्हणजे अंगणात मासे उलटेपालटे करताना बाहेरूनही दिसावा. अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील लटकत, खाली जाळीवर जवळा पसरलेला. आवाज एवढा मोठा की पलीकडच्या आळीतही कळे, की काकीकडे आज पृथ्वीवर हल्ला झालाय. याला कारण होतं. अंतराळातली लढाई सुरू झाली की त्या धडाम-धुडूममुळे कावळे बोंबलाकडे फिरकत नसत. "लढाईत गोष्ट काय नसते," ती म्हणे, "पण राखणीला बरी."

तिची मतं मी वहीत लिहून ठेवायला लागले. पत्रकात घालायला नव्हे, मला आवडायची म्हणून. परग्रहवाले नेहमी मोठ्या शहरातच का उतरतात? "समुद्रावरनं आले तर आधी आमाला दिसतील. पण आमाला विचारतंय कोण?" यानातली माणसं जेवणाऐवजी गोळी खातात, हे तिला अजिबात चालत नसे. "गोळी खातात ते ठीक. पण मग भांडतात कधी? घरातलं भांडण जेवतानाच होतं." आणि सगळ्यात मोठा आक्षेप कपड्यांचा. "एवढं मोठं जहाज. पाचशे माणूस. दोरीवर एक टॉवेल नाय!"

नावं ठेवायला ती सिनेमे पाहत होती असं समजू नका. एका सिनेमात वैमानिक बाई सात महिन्यांच्या प्रवासानंतर जमिनीवर उतरते आणि ग्रहाकडे न बघता आधी खाली बसून बूट काढते. काकी हातातला जवळा टाकून उभी राहिली. "ही खरी," म्हणाली. "ही खरंच लांबनं आली." नंतर कित्येक दिवस ती त्या बाईची चौकशी करत होती. दुसऱ्या कुठल्या सिनेमात आहे का, आणि असली तर तिथे तरी तिला चांगलं काम दिलंय का.

डहाणू स्टेशनजवळ निमेशचं मोबाइल कव्हरचं दुकान होतं. घरी गुजराती, दुकानात मराठी, भांडताना हिंदी. त्याने डहाणू-तलासरीतल्या सायन्स फिक्शनवेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप काढला होता. मीही त्यात होते. संघटनेत सांगितलं नव्हतं, कारण तिथे सिनेमा म्हणजे लोकांना झोपवायचं औषध असं मानत. २०१७ मध्ये काकीच्या मुलीने, कल्पनाने, आपला जुना मोबाइल आईला दिला आणि मी काकीला ग्रुपमध्ये घेतलं. काकी चौथी शिकलेली, वाचायची, पण त्या एवढ्याशा अक्षरांवर बोट ठेवायला तिला वेळ नव्हता. ती बोलून पाठवायची. तिच्या निरोपांत मागे वारा असे, कावळे असत, कुणीतरी "बोंबील कसे दिले?" असं विचारत असे, आणि काकी परग्रहाचं वाक्य अर्धं सोडून भाव सांगून पुन्हा परग्रहावर येत असे.

तिचा पहिला निरोप दोन चंद्रांच्या त्या सिनेमाबद्दलच होता, कारण ग्रुपवर कुणीतरी त्याला महान म्हटलं होतं. निरोप ऐकून एकाने हसणारे चेहरे टाकले आणि लिहिलं, "ही आजी कोण? कोणी अ‍ॅड केली?" मी उत्तर लिहायला घेतलं. चार मुद्दे झाले होते, पाचवा सुचत होता. तेवढ्यात निमेशने काकीशी वाद सुरू केला, आणि तेच बरं झालं.

"काकी, चंद्र लांब असतील ना. लांबून पाणी कमी खेचणार."

"लांब हाय तर परातीएवढा दिसतो कसा?"

"मग पोकळ असेल."

"पोकळ? हिरो त्याच्यावर उतरला तवा धप आवाज आला. पोकळावर ढम येतो."

तासाभराने तलासरीच्या एका विज्ञान शिक्षकांनी लिहिलं की काकींचं गणित बरोबर आहे. चंद्र दगडाचा असेल तर जितका मोठा दिसतो तितकं पाणी खेचणारच, आणि परातीएवढा चंद्र असता तर तो तंबू गंजाडला सापडला असता. निमेशने लिहिलं, "अरे, काकी साची वात करे छे!" त्यानंतर कुठलाही सिनेमा आला की ग्रुपवर पहिला प्रश्न हाच असे: काकीने पाहिला का?

आणि मग ती मालिका आली. नाव लिहीत नाही. काकी तिला 'जहाजवाले' म्हणायची. पृथ्वी बुडत चाललीय. उरलेल्या किनाऱ्यावर माणसं एक प्रचंड यान बांधतात, दुसऱ्या ग्रहावर जायला. भाग संपता संपत नसत. ग्रुपमधली पोरं कप्तानावर फिदा होती, मुली त्याच्या डॉक्टर बहिणीवर. काकीचा जीव तिसरीवरच होता. त्या किनाऱ्यावर एक म्हातारी होती, टाक्यांमध्ये शेवाळ वाढवून सगळ्यांना खायला घालणारी. तिला दर भागात दोन-चार वाक्यं असत. काकी तिला 'आपली' म्हणे. "आज आपलीला बोलूच दिली नाय," असा निरोप आला की समजायचं, भाग फुकट गेला.

याच काळात काकीपुढे स्वतःचा प्रश्न येऊन उभा होता. कल्पना तलासरीला नर्स होती. तिला राहायला खोल्या मिळाल्या होत्या, नवरा कामानिमित्त बाहेर, आणि २०१८च्या पावसाळ्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. काकीचे गुडघे तोवर पार गेले होते. तीस-चाळीस वर्षं ओल्या खडकावर उकिडवं बसल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरने खडक बंद सांगितला. कल्पना दर रविवारी येऊन एकच म्हणे, "आई, चल." काकी हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मला तिने बोंबील उलटता उलटता सरळ सांगितलं होतं, "संगी, जावं का राहावं, मला ठरत नाय. इथं असलं की पोरगी दिसते. तिथं असलं की खडक दिसंल."

मी म्हटलं, "बघू गं काकी." मला घाई होती. बंदराची बातमी पुन्हा उठली होती आणि पत्रक काढायचं होतं.

आठ दिवसांनी मी खडकावर तिचा फोटो काढला. त्या दिवशी ती हट्टाने गेली होती, काठी टेकत, शेवटची म्हणून. फोटो सुरेख आला. मागे समुद्र, हातात लोखंडी सळई, कपाळावर घाम. मी तो पत्रकावर टाकला. खाली लिहिलं, "बंदर नको!" आणि वर, पानभर, "जमनाकाकी वाढवण सोडणार नाही!" काकीला विचारलं नाही. विचारायचं सुचलंही नाही. आपण लोकांच्या वतीने लिहितो तेव्हा लोकांना विचारायचं राहून जातं, हा आमच्या धंद्यातला रोग आहे आणि मला तो चांगलाच जडला होता.

गठ्ठा छापून आला त्याच आठवड्यात जहाजवाल्यांचा शेवटचा भाग आला. यान तयार. पाणी किनाऱ्याला लागलेलं. ऐन वेळी कळतं की यान सुटण्यासाठी बाहेरून कुणीतरी एक दांडा दाबून धरायला हवा. आणि जो धरेल तो मागे राहणार. कप्तान पुढे होतो, पण म्हातारी त्याला ढकलते. म्हणते, तुम्ही जा, मी इथली आहे. यान उडतं. म्हातारी पाण्यात उभी, चेहऱ्यावर हसू. संगीत.

ग्रुपवर रडारड. निमेशने लिहिलं की तो दुकान बंद करून रडला. मीही रडले. काकीचा निरोप नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन वाढवणला गेले. म्हटलं, फोटो बघून खूश होईल.

काकी ओट्यावर पाय लांब करून बसली होती, गुडघ्यांना कसलंतरी तेल चोळत. मी म्हटलं, "काकी, शेवटचा भाग पाहिलास ना? आपलीने काय केलं गं!"

"काय केलं?" ती भडकली. "एवढं जहाज बांधलं, दहा वर्षं बांधलं, नि दांड्याला अडकवायला वीतभर दोरी नाय? आमच्या होडीवर असतं तर एका गाठीत काम झालं असतं. दोरी हाय गं त्यांच्याकडं. पहिल्या भागात बघितली मी. दोरी वापरायची नाय, म्हातारी वापरायची!"

"पण काकी, तिने स्वतः ठरवलं ना. ती म्हणते, मी इथली आहे."

"तिच्या तोंडात कुणी घातलं? एवढ्या भागांत एकाने तरी विचारलं, बाई, तुला यायचंय का? विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. मंग जागा द्यावी लागली असती." तिने तेलाची बाटली बंद केली. "म्हातारी मागं राहिली की जाणाऱ्याला बरं वाटतं. बघणाऱ्याला पण बरं वाटतं. रडायला येतं, चांगलं वाटतं. तिचे पाय पाण्यात गारठले, ते कुणी दाखवलं?"

माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. तिने वरचं पत्रक उचललं, फोटो पाहिला, आणि मग एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचलं. जम-ना-का-की. वाढ-वण. सोड-णार. नाही.

"तू पण मला दांड्याला धरून ठेवली," ती म्हणाली.

मी नको ते बोलले. घुश्शात बोलले, आणि ते खोडायचं नाही असं ठरवून इथे लिहिते. मी म्हणाले, "तू गेलीस तर लोक काय म्हणतील? ते म्हणतील, बघा, म्हातारीच पळाली. मग आम्ही कुणाच्या जोरावर लढायचं?"

काकी चिडली नाही. तिने पत्रक माझ्यासमोर धरलं. "हे खालचं, बंदर नको, हे माझं. मी म्हटलंय, शंभरदा म्हणंन. हे वरचं तुझं हाय. तुझ्या नावानं लाव. संगी गंजाड सोडणार नाय, असं छाप."

तिने हात पुढे केला.

"पेन हाय?"

आम्ही ओट्यावर बसलो आणि एकेका पत्रकावरची वरची ओळ खोडायला लागलो. नवं छापायला वेळ नव्हता, आणि फेकून द्यायला काकी तयार नव्हती. खालचं तिचं होतं ना. शेजारच्या दोघी-तिघी बघायला आल्या, त्यांनाही पेनं दिली. एकीने विचारलं, "किती वेळा खोडू?" काकी म्हणाली, "वाचता येणार नाय इतकी. हिचं अक्षर लई मोठं असतं." दुपार टळली. बोटं निळी झाली. मधेच काकीला काय वाटलं कोण जाणे, तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेलकट होता म्हणून लगेच उचलला. "रडते काय?" म्हणाली. "शाई पसरंल."

खोडून झाल्यावर ती म्हणाली, "आता ठरलं. जाते मी."

दिवाळीनंतर ती गेली. कल्पनाने टेम्पो आणला होता. मी निरोपाला गेले नाही. काम होतं असं मी सगळ्यांना सांगितलं, काम नव्हतं. संघटनेतल्या एकाने म्हटलं, "गेली ना तुमची काकी?" आणि मी त्याला काही बोलले नाही, हे मला जास्त लागतं.

तीन-चार महिन्यांनी मात्र तलासरीला गेले. कल्पनाला मुलगी झाली होती. काकी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. बसायला पाट नाही, प्लॅस्टिकचं स्टूल. बाळ टाहो फोडत होतं आणि काकी त्याला सांगत होती, "रड, रड. अंतराळात पाणी नसतं. हितं हाय तवर न्हाऊन घे." मला बघून तिने नुसतं म्हटलं, "टॉवेल दे." मी दिला. तेवढ्यावर आमचं मिटलं.

"करमतं का?" मी विचारलं.

"करमतं पण, नाय पण." हायवेच्या बाजूला मान उडवून म्हणाली, "ही गाड्यांची गाज दिवसरात एकसारखी. कधी थांबतच नाय. किती वाजले, कळत नाय मला." मग बाळाला टॉवेलात गुंडाळत, "पण कल्पी ड्युटीवरनं येते नि जेवताना माझ्याशी भांडते. ते बरं वाटतं."

२०१९ मध्ये वाढवणला पुन्हा मोठी सभा झाली. दिवस आणि वेळ बायांना विचारून ठरवली होती. काकी येणार हे मला ठाऊक नव्हतं. सभा भरल्यावर मांडवाच्या कडेला काठी दिसली, मग ती. तलासरीहून एकटी जीपने डहाणूला आणि तिथून रिक्षाने आली होती. बोलणाऱ्यांत माझं नाव घाला म्हणाली. पहिल्या रांगेतला एक जण उठला. गावातलाच, वाईट माणूस नव्हे. म्हणाला, "काकी, राग मानू नको. पण तू आता तलासरीची. जे राहिलेत त्यांनी बोलावं. जे गेले त्यांचा काय संबंध?"

मी माइकजवळ होते. माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं, चांगलं सात-आठ वाक्यांचं. काकीने हाताने मला थांबवलं आणि माइक घेतला.

"मी गेले," ती म्हणाली. "पळाले नाय, गेले. माझ्या गुडघ्यापायी गेले नि पोरीपायी गेले. कुणाला विचारून नाय गेले. आज वाटलं, आले. तलासरीवरनं यायला जीप हाय." तिने काठीने खडकाकडे दाखवलं. "इथं खडकावर भराव पडला, मंग मी कुठं येऊ? ही राहिलेली कुठं राहतील? जाणं येगळं. परत यायची जागाच बुजवणं येगळं. मी गेलेली हाय, म्हणून मला ते तुमच्यापेक्षा जास्ती कळतं."

तिने माइक माझ्या हातात दिला. बसायला कुठे दिसेना, तेव्हा तोच पहिल्या रांगेतला माणूस उठला, आपली खुर्ची उचलून तिच्यापर्यंत घेऊन आला आणि स्वतः मांडवाच्या बांबूला टेकून उभा राहिला. टाळ्या नंतर झाल्या. बायांनी सुरू केल्या.

सभा संपल्यावर तिला घाई होती. पाचला कल्पनाची ड्युटी, त्याआधी बाळ ताब्यात घ्यायचं. मी तिला डहाणू स्टेशनपर्यंत सोडायला गेले. रिक्षात मी सांगितलं की मला नाशिकला काम मिळालंय, पुढच्या महिन्यात जाणार आहे. सांगायला मी आठवडाभर घाबरत होते. काकीने माझ्याकडे पाहिलं.

"तुला कुणी विचारलं का, जायचंय का म्हणून?"

"मीच ठरवलं."

"मंग जा," ती म्हणाली. "डबा घेऊन जा. गोळ्या खाऊन राहू नको."

स्टेशनबाहेर तलासरीची जीप भरत होती. ड्रायव्हरशेजारी तिला बसवली, काठी आत दिली. जीप सुटेल म्हणून मी दोन पावलं मागे सरले आणि हात वर केला. काकीचं लक्ष नव्हतं. ड्रायव्हरने पुढच्याच सीटवर आणखी एक माणूस कोंबला होता आणि काकी त्याच्याशी भांडत होती. काच वर होती, शब्द ऐकू येत नव्हते, तिचा हात तेवढा दिसत होता, एकदा गुडघ्याकडे, एकदा मागच्या सीटकडे. ड्रायव्हर हसला, मग हसायचं थांबला. दार उघडलं. तो माणूस पुटपुटत उतरला आणि मागे जाऊन बसला. जीप वळली तेव्हा काकी पाय लांब करून बसली होती.